नाडीच्या वळावरची न भरणारी जखम

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची, रंगाने काळीसावळी. शेतात राबताना परकराची नाडी करकचून बांधायची तिची जन्माची सवय. कमरेवर नाडीच्या जागी कातडी काळी, जाड झाली आहे. चार महिन्यांपासून तिथे फोड आहे. खपली धरते, निघते, परत पाणी येतं. ती हळद लावते. गावात म्हणतात, कातडीचा कॅन्सर गोऱ्यांना होतो. खरं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अर्धंच खरं आहे. आईंना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरंच राखतं, म्हणून उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर आपल्याकडे कमी. पण नाडीच्या काचापुढे ते काय करणार? वर्षानुवर्षं एकाच जागी घासलं, घामाने चिघळलं, की क्वचित तिथे कॅन्सर धरतो. धोतराच्या काचाखालच्या अशा कॅन्सरची नोंद मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच केली होती. काश्मिरात फेरनाखाली, म्हणजे सैल झग्याखाली, कांगडी (निखाऱ्यांची लहान शेगडी) धरणाऱ्यांना पोटावर, मांड्यांवर होतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातही होतो.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. बोटभर रुंद, चामड्यासारखा वळ. त्यावर रुपयाएवढी जखम, कडा उचललेल्या आणि टणक. दुखत नव्हतं, म्हणून दोन वर्षं नुसतं मलम लावलं त्यांनी. मला अजून हळहळ वाटते. तुमच्या आईंना कॅन्सरच असेल असं नाही, साधी चिघळलेली जखमही असेल. नुसत्या नजरेने ते ठरत नाही. जागा बधिर करून तपासायला लहानसा तुकडा काढतात (हीच बायोप्सी), एखाद-दोन टाके पडतात. बायोप्सीने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. लवकर सापडला तर बहुतेकदा तेवढा भाग काढून टाकून भागतं.

हळद आजच थांबवा. सुतळीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, सैल बांधा, रोज थोडी वर-खाली.

आणि घरातल्या सगळ्यांचे तळपाय, तळहात, नखं उजेडात पाहा. सावळ्या माणसांत मेलानोमा हा कातडीचा घातक कॅन्सर बहुधा तिथेच लपतो. वाढत जाणारा काळा डाग, नखातली रुंदावणारी काळी रेघ दिसली तर दाखवाच. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याला तो १९७७ साली सापडला. आधी फुटबॉलची इजा वाटली होती. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला.

दवाखान्यात जाताना आईंना नेहमीचाच परकर नेसू द्या. नाडी नेमकी कुठे बसते, ते डॉक्टरांना दिसेल.