पिंपळ घेऊन निघालेली गाडी

छत्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आता लातुरात घराच्या माडीवर छोट्या आगगाड्या चालवतो. या महिन्यात दहा पत्रं आली. चौघांनी एकच विचारलंय, इंजिन स्वस्त कुठं मिळेल. स्वस्त इंजिन कुठंच मिळत नाही, आणि मिळालं तर ते चालत नाही. बाकीच्या सहांना उत्तरं.

प्रश्न : नातवाच्या एचओ (खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या, म्हणजे १:८७ मापाच्या) गाडीला एक डबा घरीच केला. टँकर वरून कापून आत शाडूची म्हैस डुंबायला बसवली. सरळ रुळावर झकास चालतो, वळण आलं की म्हशीसकट आडवा. (एक ताई, परभणी)

उत्तर : ताई, म्हैस जड आणि डबा हलका, असं झालंय. वजन जितकं खाली, तितका डबा वळणावर रूळ धरून राहतो. तुमचं सगळं वजन शिंगांपाशी गेलंय. म्हशीचं अर्धं अंग तर पाण्यात बुडालेलं. ते करायचंच कशाला? डोकं, शिंगं आणि पाठ एवढंच करा, तेही कागदाच्या लगद्याचं. मग डब्याच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या, म्हणजे खालच्या चाकांच्या जोडगाड्यांच्या, बरोबर वर, लोखंडी वॉशर एम-सीलनं पक्के बसवा. किती बसवायचे, याचा हिशेब अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं घालून दिलाय. आपल्या मापात सांगायचं तर मुळात २८ ग्रॅम, वर डब्याच्या दर इंच लांबीला १४ ग्रॅम. तुमचा डबा सहा इंची असेल तर सगळं मिळून ११२ ग्रॅम, म्हैस धरून. ओळखीच्या सराफाकडं काट्यावर तोलून घ्या. आमचा सराफ आता मला पायरीवर बघितलं की विचारतो, 'सर, आज इंजिन का डबा?'

आणि एक, पाणी खरं घालू नका. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. पांढऱ्या केसांचे आम्ही लोक लेकरासारखे स्टेशनाकडं बघायला गेलो होतो. घरी येऊन मी तशीच गाडी केली आणि हौसेनं वाघिणींत खरं पाणी भरलं. पाणी डचमळतं. गाडी निघताना मागं जातं, थांबताना पुढं येतं. तिसऱ्या फेरीला शेवटची वाघीण कलंडली, पाणी रुळांखालच्या प्लायवूडमध्ये मुरलं आणि आठ दिवसांत बोर्ड पापडासारखा उचलला. तेव्हा आमच्याकडं नळ कधी येईल याचा नेम नव्हता, त्यात मी पाणी सांडलेलं. घरात जे ऐकलं ते छापण्याजोगं नाही. तुम्ही पारदर्शक वॉर्निश वापरा. पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच दुसरा. एकदम ओतलं तर वर साय धरते आणि खाली चिकट राहतं.

प्रश्न : थर्माकोलचा देवगिरी केला, रबराच्या सोल्यूशननं जोडला. सकाळी बघतो तर किल्ल्याला भगदाडं. (जालना)

उत्तर : सोल्यूशनमधलं द्रावक थर्माकोलला खातं. स्प्रे रंगाचंही तसंच. फेव्हिकॉलनं जोडा, रंग पाण्यात कालवायचा घ्या. भगदाडं बुजवू नका, खालच्या अंगाला असतील तर अंधारी वाट तिथंच दाखवता येईल.

प्रश्न : आजोबा बार्शी लाईटनं लातूरला शिकायला जायचे. मला ती गाडी करायची आहे. मित्र म्हणतात, इंजिनाला शिंगं लाव, झूल घाल, पोळ्याची गाडी कर. मला मात्र अस्सल हवी. (औसा)

उत्तर : भाऊ, भांडू नका, दोन्ही होतंय. आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ठरवा. बार्शी लाईट अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एक वाट १:८७ मापाची, ९ मिलिमीटरच्या रुळावर. दुसरी १:४८ मापाची, १६.५ मिलिमीटरच्या रुळावर. मी दुसरीकडं ढकलीन. साडेसोळाचा रूळ म्हणजे नेहमीच्या एचओचाच. साध्या एचओ इंजिनाची मोटर आणि चाकं घ्यायची, वरचं अंग पुठ्ठ्याचं स्वतः उभारायचं. शिवाय या मापात साडेपाच फुटी माणूस ३५ मिलिमीटरचा होतो, त्याला मिशा काढता येतात. १:८७ मध्ये तो १९ चा, तिथं मिशीला ब्रशचा एकच केस पुरतो आणि तोही हलतो. कुणी शहाणा म्हणेल की साडेसोळाला अठ्ठेचाळीसनं गुणलं तर ७९२ येतात, तीस मिलिमीटर जास्त. म्हणू द्या. एचओच्या रुळावर आपली ब्रॉडगेज चालवणारे पावणेतीन मिलिमीटरची चूक मुकाट गिळतात.

आता अस्सलपणा कुठं असतो ते सांगतो. ही लाईन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची. १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. एका आसावर पाच टनांच्या वर भार जाऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा हट्ट. म्हणून रूळ हलके चालले, आणि म्हणूनच मालाच्या डब्यालाही चार-चार चाकांच्या दोन बोगी. डब्याचा सांगाडा २५ फूट लांब, ७ फूट रुंद. तुमच्या मापात सव्वासहा इंच आणि पावणेदोन इंच. हे प्रमाण सांभाळलं की पुठ्ठ्याचा डबाही ओळखू येतो. दोन आसांचा बुटका डबा केलात तर तो कुठल्याही जत्रेतला होईल.

शिंगं लावाच. हिंगूळ फासा, वर बेगड चिकटवा, बॉयलरवर आईच्या जुन्या खणाची झूल टाका. पण मग ड्रायव्हर तोंड वासून बघतोय, गार्ड हसतोय, डब्याला डोळे आलेत, असलं काही नको. शिंगांचं इंजिन रोजचंच असल्यासारखं सगळे वागले पाहिजेत. स्टेशनमास्तर नेहमीसारखा घड्याळ बघतोय, हमाल बिडी ओढतोय. वेडेपणा एका जागी, बाकी सगळं जसंच्या तसं. मी स्वतः हे विसरून एकदा एकाच गाडीत उडता गाढव, बोलका भोपळा आणि छत्रीवाला मारुती बसवला होता. बघणारा कशालाच हसला नाही.

प्रश्न : शेतं दाखवायला शेतातलीच काळी माती वापरली तर चालेल का? (अंबाजोगाई)

उत्तर : चालेल, पण तिला आधी चुंबक दाखवा. आपली माती काळ्या दगडाची, बेसॉल्टची. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमध्ये शिरले की तिथल्या चुंबकाला धरून बसतात आणि इंजिन कण्हायला लागतं. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीतून फिरवा, मग पिशवी उलटी करून झटका. नुसता चुंबक फिरवलात तर त्याला दाढी येईल आणि ती निघता निघणार नाही. माती त्याआधी तव्यावर भाजून जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ करायची. भाजली नाही तर पहिल्या पावसाळ्यात तुमच्या शेतात खरंच काहीतरी उगवेल.

माती चिकटवायला फेव्हिकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर थेंब मातीवर गोळी होऊन बसतो, आत जात नाही. थर पातळच द्या. जाड दिलात तर काळी माती आपला गुण दाखवते, भेगाळते. बोर्डावरची दोन मिलिमीटरची भेग म्हणजे खऱ्या मापात वीतभर, तुमचा औत हाकणारा गडी पायासकट आत जाईल.

प्रश्न : धरण झालं तेव्हा आमचं गाव नाथसागरात गेलं. वडील सांगायचे तो पिंपळ, त्याचा पार, पारावर पत्ते कुटणारे चार म्हातारे, असं सगळं एचओच्या सपाट वाघिणीवर बसवलंय. गाव गाडीनं निघालंय अशी कल्पना. पण पिंपळ बोगद्यात अडकतो. छाटू का? (पैठण)

उत्तर : छाटू नका. बोगद्याचं तोंड या मापात रुळापासून साधारण ७५ मिलिमीटर उंच असतं. तेवढ्यात बसवला तर पिंपळाचा एरंड होईल. त्यापेक्षा डोंगराचं छत काढून टाका आणि बोगद्याची खिंड करा. आपल्याकडं बोगदे असतात तरी किती?

खिंडीच्या भिंती किती लांब ठेवायच्या, ते डोळ्यानं ठरवू नका. पिंपळाचा जास्तीत जास्त पसारा पुठ्ठ्यावर कापा, वाघिणीच्या मध्यावर उभा चिकटवा आणि वाघीण हातानं सगळीकडून ढकलत फिरवा. वळणावर लांब वाघिणीचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो, टोकं बाहेर येतात. पुठ्ठा जिथं घासेल तिथं डोंगर मागं घ्या. नंतर कटकट नको म्हणून फांद्या वायरीच्या आतल्या तांब्याच्या तारा पिळून करा, लागल्या तर वाकतात, मोडत नाहीत. पानं कसुरी मेथीची, चुरून. पिंपळाचं पान या मापात दीड मिलिमीटरचं, त्याचा आकार कुणाला दिसायचा नाही. वरून वॉर्निश मारा, नाहीतर झुरळं गाव खाऊन टाकतील.

म्हाताऱ्यांची तोंडं कुठं केलीत ते तुम्ही लिहिलं नाही. तिघं पत्त्यांत असू द्या. चौथा मागं बघत बसवा, जिकडून गाडी आली तिकडं.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला हुरड्याचा डबा करायचा आहे. आगटीत विस्तव लुकलुकला पाहिजे. दादा म्हणतो रेल्वेत आगटी नसते. (हिंगोली)

उत्तर : दादाला म्हणावं, पिंपळ असतो का? दिवाळीत सेलवर मिणमिणणारा दिवा मिळतो ना, तो मोठ्या माणसासमोर उघड. आत लुकलुकणारा एलईडी आणि नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. रुळाच्या विजेवर लावायला जाऊ नकोस, गाडी थांबली की विस्तवही विझेल. आगटी म्हणजे खड्डा, म्हणून डब्याच्या तळाला भोक पाड, एलईडी खालून वर काढ, भोवती चाळलेली राख टाक. सेल डब्याखाली स्क्रूच्या झाकणात बंद कर. घरात रांगतं लेकरू असेल तर हे आधी, रंगरंगोटी नंतर, कारण सेल गिळला तर जिवावर बेततं. गोवऱ्यांना चहाचा वाळवलेला चोथा, हुरड्याला हिरवा रंगवलेला रवा. धुराला कापसाचा एकच तंतू, इतका ओढायचा की दिसतोय का नाही असं वाटावं.

गाडी पुढं पळते म्हणजे धूर मागं जाणार. तेव्हा आगटीच्या मागच्या बाजूला एक माणूस डोळे चोळत बसव. तो दादा.