सावळ्या मुलांना डेटिंग ॲपवर प्रतिसाद कमी मिळतो तो सिनेमा-जाहिरातींमुळे, की मुलांचेच प्रयत्न कमी पडतात?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, 'फोटो थोडा उजळ करून टाकला तर काय बिघडतं?' त्या ओळीमुळे लिहायला बसलो. बिघडतं, पुष्कळ बिघडतं. दादरला माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी बायोडेटाचे फोटो असायचे, आता ॲपवाली मुलंही येतात, आणि 'जरा उजळ करा' हे दोघांचंही ठरलेलं वाक्य.

आधी तुमचा मूळ प्रश्न. रंगाचा फटका बसतो, खोटं कशाला सांगू? अमेरिकेत ओकेक्युपिड या डेटिंग साइटने २०१४ साली स्वतःचीच आकडेवारी मांडली होती. काळ्या आणि आशियाई पुरुषांना बहुतेक गटांतल्या बायकांकडून सरासरीपेक्षा कमी पसंती मिळत होती. आपण वंश बघत नाही असं सांगणारे लोक २००९ नंतर वाढले, पण वागणं जिथल्या तिथेच राहिलं. तिथे तो वंशाचा प्रश्न आहे. आपल्याकडे रंग, आणि रंगाच्या आडून माणसाची जात नि ऐपतही जोखली जाते. शादी डॉट कॉमवर रंगाची चाळणी लावून स्थळं शोधायची सोय जून २०२० मध्ये काढून टाकली, तीही लोकांनी आवाज उठवल्यावर. २००५ मध्ये खास पुरुषांसाठी गोरेपणाची क्रीम बाजारात आली, पुढे शाहरुख खानने तिची जाहिरात केली. २०१९ च्या 'सुपर ३०'मध्ये गरीब घरातला गणिताचा शिक्षक दाखवायचा म्हणून हृतिक रोशनला मेकअपने सावळा केला. सावळा म्हणजे गरीब, असं धरूनच चालतात हे लोक. उलट बंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला, रंगासकट. तेव्हा माध्यमांचा दोष आहेच, आणि तुम्हाला 'कॉन्फिडन्स ठेव, जिमला जा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ॲपवर मुलीला तुमचा रंग दिसतच नाही, तुमच्या फोनने बनवलेला रंग दिसतो.

मध्यंतरी भांडुपचा एक मुलगा मामांना घेऊन आला. ॲपवर त्याचे पाच फोटो होते, ते मी एकेक मोठे करून बघितले. पहिला पांढऱ्या भिंतीसमोर, ट्यूबलाइटखाली. कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम उजेड धरतो. मागे पांढरी भिंत असली की तो एकूण उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. वरून येणाऱ्या ट्यूबने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, आणि खिडकीचा उजेडही मिसळला तर कातडी हिरवट-मातकट दिसते. दुसरा मरीन ड्राइव्हचा, भर दुपारी पांढऱ्या शर्टात. तिथेही तेच, शर्ट सांभाळताना कॅमेऱ्याने चेहरा सोडला. तिसरा हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी, त्यात नाक मोठं आणि कान गायब. चौथ्यात सहा मित्र. पाचव्यात ब्यूटी मोड, म्हणजे चेहरा गव्हाळ आणि मान सावळी, कॉलरपाशी सरळ रेघ.

त्या दिवशीही तो चेहऱ्यावर टाल्कम पावडर लावून आला होता. सावळ्या कातडीवर पावडर फोटोत राखेसारखी उठते, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनही तसंच. त्याला चेहरा धुवायला लावला, वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर दिलं, दहा मिनिटं बसवलं, मग नाक-कपाळावर टिश्यू नुसता दाबला. पुसून कोरडं करायचं नसतं. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीने कळतो, सावळ्याचा चकाकीने. ती चकाकी मऊ हवी, म्हणून उजेड मोठ्या जागेतून यायला हवा.

स्टुडिओतले लाइट मी बंदच ठेवले. तुम्हालाही घरी जमेल म्हणून सांगतो. सकाळी आठच्या सुमारास खिडकीपासून किंवा चाळीच्या गॅलरीच्या दारापासून दोन-तीन फुटांवर बसा. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा लावा. खोलीतला दिवा बंद. चेहरा खिडकीकडे अर्धवट वळवा, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर पांढरी चादर टाका. मागची भिंत विटकरी, गडद हिरवी वगैरे असू दे, आणि चार-पाच फूट लांब. शर्ट मोहरी, मरून किंवा आकाशी. फोन मित्राच्या हातात, पाच-सहा फुटांवरून, टू-एक्स झूमवर, लेन्स पुसून. खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतोच आणि त्याने सगळा फोटो धुरकट येतो. ब्यूटी मोड शून्यावर. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह हळूहळू वर सरकवा. भुवईचे केस सुटे दिसू लागले की थांबा. त्यापुढे गेलात तर कपाळ पांढरं फटक पडेल.

मामांचा हेका एकच. "अहो, थोडा उजळ करा की. मुली फोटोच बघतात." मी त्यांना म्हटलं, पंधरा दिवसांनी ती मुलगी ह्याला कॉफीला भेटणार, तेव्हा पहिल्या मिनिटाला तिला फोटो आणि माणूस यांतला फरक दिसेल. रंग तिने कदाचित मनावर घेतलाही नसता, पण ह्याने लपवला हे ती नक्की मनावर घेईल. शिवाय आपल्याच भाच्याला त्याच्यादेखत 'तू आहेस तसा दाखवण्यासारखा नाहीस' असं सांगतोय, हे मोठ्या माणसांच्या लक्षात का येत नाही? मामा गप्प झाले, पटलं मात्र नव्हतं. मग मी दोन प्रिंट काढून हातात दिल्या, त्याचा जुना फोटो आणि आत्ताचा. नव्यात गालावरची खळी दिसत होती, जुन्या पाचांत कुठेच नव्हती. मामांनी नवा फोटो दाराशी नेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "हा केलात ना उजळ?"

केला नव्हता. रंगाला मी हातही लावला नव्हता.

आता एक मान्य करतो. चांगल्या फोटोने पूर्वग्रह जात नाही. रंग बघून बोट डावीकडे सरकवणाऱ्या, म्हणजे नकार देणाऱ्या मुली तरीही सरकवणारच, आणि तो तुमच्या प्रयत्नांचा दोष नाही. फोटोंबरोबर दोन ओळी खऱ्या लिहा. 'फिरायला आवडतं' असं नको, गेल्या महिन्यात कुठे गेलात ते लिहा.

आणि गोरेपणासाठी केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेलं मलम लावत असाल तर ट्यूबवर मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांतलं काही लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं आहेत. महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं उठतात, आणि एकदम सोडली तर चेहरा भडकतो. मनाने बंद करू नका. ट्यूब घेऊन मुंबईतल्या केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचा विभागात जा आणि ती डॉक्टरांसमोर ठेवा.