टॅरो आणि चक्रवाचन एकत्र करून आत्मपरीक्षण व उपचार साधता येतात का?

आत्मपरीक्षणासाठी या दोहोंची सांगड जरूर घालता येते. मात्र ती प्राचीन नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. टॅरोचे पत्ते १५व्या शतकात इटलीत खेळासाठी तयार झाले आणि भविष्यकथनासाठी त्यांचा वापर १८व्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाला, तर चक्रांची, म्हणजे शरीरात मानल्या जाणाऱ्या ऊर्जाकेंद्रांची, कल्पना भारतीय तंत्र आणि हठयोग परंपरेतील आहे. (चक्रांना आज सर्रास दिले जाणारे इंद्रधनुष्याचे रंगही जुन्या ग्रंथांतले नसून आधुनिक पाश्चात्त्य मांडणीतले आहेत.)

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे ७८ पत्त्यांमधून सात पत्ते काढून ते सात चक्रांच्या क्रमाने, म्हणजे मूलाधारापासून (पाठीच्या कण्याच्या तळाचे चक्र) सहस्रारापर्यंत (माथ्यावरचे चक्र), खालून वर मांडणे. मूलाधाराशी सुरक्षिततेचा, हृदयापाशी मानल्या जाणाऱ्या अनाहताशी नात्यांचा, कंठापाशी मानल्या जाणाऱ्या विशुद्धाशी अभिव्यक्तीचा प्रश्न जोडला जातो. समजा, विशुद्धाच्या जागी ‘हर्मिट’ हा कंदील धरलेल्या एकाकी वृद्धाचा पत्ता आला, तर ‘चक्र अवरुद्ध आहे’ असा निवाडा करण्याऐवजी ‘मी कोणाशी बोलणे टाळतो आहे, की मला खरोखरच मौनाची गरज आहे?’ असे स्वतःला विचारून उत्तर वहीत लिहून ठेवणे मला अधिक उपयुक्त वाटते.

यातून मन शांत होऊ शकते. परंतु अशा वाचनाने आजार ओळखता किंवा बरा करता येतो, याला वैज्ञानिक आधार नाही. त्यामुळे दीर्घकाळ नैराश्य वा शारीरिक त्रास असल्यास डॉक्टरांकडेच जावे आणि चक्र ‘मोकळे’ करण्यासाठी वारंवार पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.