आईची काळजी मोजायची कशी? वाचकांचे प्रश्न

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची काळजी आया कशी घेतात, यावर माझा नर्सिंगचा प्रबंध आहे. ३० प्रश्नांची ज्ञानचाचणी तयार केली आहे. पुरेल का?

ज्ञान तपासायला पुरेल, काळजी मोजायला नाही पुरणार. ‘मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे’ यापुढे बरोबरची खूण करणारी आई घरी घास भरवत असू शकते. शाळेची गाडी दारात उभी असली की दुसरं काही सुचत नाही. त्यापेक्षा रोजचं एखादं काम निवडा, समजा दात घासणं. ब्रश उचलणं, पेस्ट लावणं, घासणं, चूळ भरणं असे टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याला आई थांबते, तोंडी सांगते, खुणेने दाखवते, हात धरून करवून घेते की स्वतःच उरकते, ते टिपा. ‘थांबते’ हा रकाना कृपा करून गाळू नका. मूल ब्रशकडे नुसतं बघत असताना गप्प उभं राहायला फार धीर लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की आई काहीच करत नाही. सकाळच्या घाईतली आणि सुट्टीच्या दिवसाची नोंद वेगवेगळी ठेवा.

सांभाळणाऱ्यावरचा भार मोजणाऱ्या झारिट प्रश्नावलीत मला ५२ गुण मिळाले. आई म्हणून मी कमी पडते का?

अजिबात नाही. या प्रश्नावलीत २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. गुण जितके जास्त, तितका तुमच्यावरचा भार जास्त. मुळात ती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्यांसाठी तयार झाली. तुम्ही मुलाचं किती नीट करता, हे ती मोजतच नाही. उत्तम सांभाळणारी आईसुद्धा पार थकलेली असू शकते. बेरीज बाजूला ठेवा आणि ४ गुण कुठे पडले ते पाहा: स्वतःसाठी वेळ, तब्येत, पैसा की पुढची चिंता? चाचणी घेणाऱ्यांना स्पष्ट विचारा, ‘यावर मला कोणती मदत मिळेल?’ नुसता आकडा सांगून पाठवणी करणं मला मुळीच पटत नाही.

मी विशेष शिक्षिका आहे. निरीक्षणाला घरी गेलं की आया जपून वागतात.

साहजिक आहे. पहिल्या एक-दोन भेटी ओळखीसाठी ठेवा, त्यांचे गुण धरू नका. काही भेटींना दोघींनी जा, एकमेकींना न विचारता नोंदी करा आणि मग ताडून पाहा. तक्त्यात ‘हे काम एरवी कोण करतं’ हेही विचारा. सगळीकडे ‘आई’ असंच उत्तर आलं, तर पुढची भेट बाबा घरी असताना ठरवा.