टाकीवरचे नी पॅड सारखे सुटतायत, काय लावू?

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): माझ्याकडे जुनी ३५० बुलेट आहे. पेट्रोलच्या टाकीच्या दोन्ही बाजूचे रबरी नी पॅड, म्हणजे गुडघे टेकतात ते, सुटले म्हणून मेकॅनिककडे नेली, त्यानं फेव्हिक्विकनं चिकटवून दिले. पहिल्या पावसात कोपरा उचलला आणि मग अख्खा पॅडच हातात आला, वर काळ्या रंगावर पांढुरके डाग पडले ते वेगळंच. आता एक मित्र म्हणतो अॅराल्डाइट लाव, दुसरा म्हणतो सिलिकॉन. नक्की काय लावू?

उत्तर: दोन्ही नको. फेव्हिक्विक, अॅराल्डाइट ही मंडळी वाळली की काचेसारखी कडक होतात आणि तुमचा पॅड तर दिवसभर हलतोय, इंजिनची थरथर, उन्हात तापलेला पत्रा, वरून गुडघ्याचा दाब, त्यात रबर वाकतं आणि गोंद वाकत नाही, मग कडेनं सुटायला सुरुवात होते. पांढुरके डाग फेव्हिक्विकच्या वाफेचे, रबिंग कंपाउंडनं हलक्या हातानं घासा, बऱ्याचदा निघतात. सिलिकॉन लवचिक असतं खरं, पण रबरावर त्याची पकड बेताची, व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर उघड्या पत्र्याला गंज चढवतं, आणि पुढे कधी टाकी रंगवायला दिली तर पेंटर शिव्या घालणार कारण सिलिकॉनचा अंश राहिला की तिथे रंग फाटतो, बारीक खड्डे पडतात.

तुम्हाला हवा कॉन्टॅक्ट गोंद, म्हणजे फेव्हिकॉल एसआर ९९८ किंवा त्याच जातीचा सिंथेटिक रबराचा पिवळसर गोंद, हार्डवेअरच्या दुकानात सनमायका चिकटवायला म्हणून मिळतो. वाळल्यावरही लवचिक राहतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन वापरायचा मोह होईल पण ते पेट्रोलमध्ये विरघळतं, टाकी भरताना थोडं सांडलं की संपलं. एसआरसुद्धा पेट्रोलला अमर नाही बरं का, सांडलं तर लगेच पुसायचं.

खरी गंमत मात्र गोंद लावायच्या आधीच्या कामात आहे आणि तिथेच सगळे घाई करतात. नवीन रबरावर साच्यातून काढायला वापरलेलं तेलकट काहीतरी राहिलेलं असतं, त्यामुळे मागची बाजू ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत. टाकीवरचा जुना गोंद हेअर ड्रायरनं गरम करून प्लॅस्टिकच्या कार्डानं खरवडा, स्क्रू ड्रायव्हर लावू नका. हे सगळं टाकी गाडीवरून उतरवून, रिकामी करून, उघड्यावर हवा खाऊ देऊन करा, कारण पेट्रोलची वाफ आत राहते आणि गोंदातलं सॉल्व्हंटपण (गोंद पातळ ठेवणारं, उडून जाणारं द्रावक) पेट घेतं. सिगरेट लांब. गोंदाचा एक थेंब आधी टाकीच्या तळाला लावून बघा, काही जुने रंग सॉल्व्हंटनं फुगतात.

पॅड जागेवर धरून भोवती मास्किंग टेप मारा, म्हणजे कुठे बसवायचा ते ठरतं आणि गोंद बाहेर पसरत नाही. मग टाकीला आणि रबराला दोन्हीकडे पातळ थर द्या, वाळू द्या, परत एक थर. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून बघा, तार सुटत नसेल तर तयार. इथे लोक ओल्यातच चिकटवतात, मग सॉल्व्हंट आत अडकतं आणि पॅड दोन दिवस सरकत राहतो. टेकवला की चिकटला, सरकवता येणार नाही, म्हणून आधी एक कड नीट लावा आणि तिथून पुढे दाबत जा. पॅड सपाट आणि टाकी गोल असेल तर रबर आधी गरम पाण्यात ठेवून मऊ करा, पण लावताना पूर्ण कोरडं हवं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या टाकीभोवती ताणून रात्रभर बांधून ठेवा. भर पावसाळ्यात हा उद्योग करू नका, सॉल्व्हंट उडताना गोंद गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं.

प्रश्न (पुण्याहून): माझ्या टाकीची बाजू क्रोमची आहे. पत्र्याला भोक पाडून स्क्रूनं बसवले तर?

उत्तर: अजिबात नाही! टाकी गळणार, आणि ती भोकं बुजवायला वेल्डिंग म्हणजे आत वाफ असेल तर स्फोटाचा धोका. क्रोम घासलं तर खालून गंज येतो, त्यामुळे तिथे गोंदापेक्षा मागे आधीच अॅक्रेलिक फोमची टेप लावून मिळणारे पॅड घ्या. क्रोम अल्कोहोलनं पुसा, पूर्ण जोर लावून दाबा, आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात तेवढे दिवस गाडी धुऊ नका. टेप वेगळी आणून घरीच रबराला लावणार असाल तर आधी रबराला प्रायमर (टेपची पकड वाढवणारा द्रव) लावा, नाहीतर टेप क्रोमला घट्ट राहील आणि रबरच सुटेल.