महाराजांच्या ट्रस्टला करमाफी कशी काय?

मागच्या लेखात देवस्थानांच्या ऑडिटविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच: ज्यांच्यावर खटले चालू आहेत, ज्यांच्या नावाने रोज टीव्हीवर आरडाओरडा चालतो, त्यांच्या पंथांनाही प्राप्तिकरात सूट कशी मिळते? त्यातले काही प्रश्न घेतोय. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला आणि क्रमांक बदलले, पण आमच्या ऑडिटच्या धंद्यात अजून सगळे 'बारा-ए' (ट्रस्टच्या करसवलतीची नोंदणी) आणि 'ऐंशी-जी' (देणगीदाराला मिळणारी वजावट) असंच बोलतात.

आमच्या तालुक्यात एका महाराजांचा मठ आहे. महाराजांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे, एकदा अटकही झाली. तरी मठाच्या ट्रस्टची करसवलत चालूच. आयकर खात्याला हे दिसत नाही का? (जि. सांगली)

दिसतं. पण आयकर अधिकाऱ्यासमोर महाराज उभे नसतात, ट्रस्ट उभा असतो, आणि अधिकाऱ्याचा प्रश्न साधा असतो: पैसा आला कुठून, गेला कुठे?

आधी एक गैरसमज दूर करू. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी झाली म्हणजे कर माफ झाला, असं नाही. ती नोंदणी महाराष्ट्राच्या १९५० च्या कायद्याखालची. करसवलतीसाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. ती नोंदणी पूर्वी एकदा झाली की कायमची असे. २०२१ पासून ती दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते, लहान ट्रस्टना आता दहा वर्षांची मिळते. सवलत मिळाली तरी वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ट्रस्टच्या उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. तेवढे झाले नाहीत तर ते पुढे कधी आणि कशावर खर्च करणार हे लिहून द्यावं लागतं.

नोंदणी रद्द करता येते. उद्दिष्टाबाहेर पैसा वळवला, कामकाज खोटं निघालं, अर्जात खोटी माहिती दिली, ही कारणं झाली. दुसरा एखादा कायदा मोडल्याचा आदेश असेल तर तेही कारण होतं, पण तो आदेश अंतिम झालेला हवा, किंवा ट्रस्टने त्याला आव्हान दिलेलं नसावं. 'गुन्हा दाखल' इथे पुरत नाही, आणि पुरू नये असंच मला वाटतं. आपल्याकडे गुन्हा दाखल करायला काय लागतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

खरी मेख आहे कलम १३ मध्ये. ट्रस्टचा पैसा संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरला की त्या पैशावरची सवलत गेली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका आश्रमाचं ऑडिट माझ्याकडे होतं. व्हाउचरच्या गठ्ठ्यात दरमहा 'भक्तनिवास भाडे' अशी नोंद, आणि पावतीवर सही मुख्य विश्वस्तांच्या मेहुण्याची. भक्तनिवास बघायला गेलो. दोन खोल्या होत्या. एकीत सिमेंटची पोती, दुसरीत मेहुण्याची जुनी बुलेट, तीही ताडपत्रीखाली. आता, कायद्याच्या व्याख्येत मेहुणाही नातेवाईकच. हे सगळं मी ऑडिट रिपोर्टात लिहिलं. पुढच्या वर्षी आश्रमाचा ऑडिटर बदलला. त्या आश्रमातली प्रवचनं मात्र अगदी निर्मळ होती. कुठल्याही चॅनेलला त्यात वादग्रस्त काही सापडलं नसतं.

आमच्या समाजाचं मंदिर आणि विद्यार्थी वसतिगृह एकाच ट्रस्टमध्ये घ्यायचं चाललंय. सीए म्हणतात, वसतिगृह फक्त समाजाच्या मुलांसाठी ठेवलं तर करमाफी जाईल. मंदिराला चालतं आणि वसतिगृहाला चालत नाही, असं कसं? (नाशिक)

तुमचे सीए बरोबर सांगतायत. निव्वळ धार्मिक ट्रस्ट एका पंथाचा असला तरी चालतो. पण १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट, म्हणजे शिक्षण, दवाखाना असं काम करणारा, एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरता असेल तर त्याला सूट नाही. त्याआधीचे ट्रस्ट यातून सुटलेत. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीचे ट्रस्टही या अटीत येत नाहीत.

दोन्ही कामं एकत्र करणाऱ्यांसाठी रतलामच्या दाऊदी बोहरा जमातीचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांची सवलत मान्य केली, कारण धर्मादाय कामांचा लाभ फक्त जमातीपुरता मर्यादित नव्हता. तेव्हा वसतिगृहाच्या नियमावलीत 'फक्त' हा शब्द घालू नका. प्रवेश अर्जावर जातीचा रकाना ठेवून मागच्या दाराने तोच नियम चालवला, तर तेही तपासणीत निघतं.

एका सत्संग मंडळाला 'विशेष अनुष्ठाना'साठी २१ हजार दिले. पावतीवर ८०-जीचा शिक्का आहे. वजावट घेऊ का? (ठाणे)

घेऊ नका. अनुष्ठान तुमच्यासाठी झालं, त्याचा दर ठरलेला होता. ती देणगी नाही, मोबदला आहे. शिवाय ८०-जी मुळात धर्मादाय संस्थांसाठी आहे, आणि अशा संस्थेने धार्मिक कामांवर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च केला तर चालतं. सरकारने अधिसूचित केलेल्या मंदिर-मशिदींच्या जीर्णोद्धाराची गोष्ट वेगळी. अयोध्येच्या ट्रस्टचा त्यात २०२० साली समावेश झाला. दोन हजारांवरची रक्कम रोख दिली असेल तर वजावट नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावटच नाही, प्रश्नच मिटला.

अमेरिकेत सायंटॉलॉजी या पंथाला चर्च म्हणून करमाफी आहे. इथे सगळे म्हणतात की त्यांनी सरकारला वाकवलं. हे खरं आहे का? (न्यू जर्सी)

बरंचसं खरं आहे. वरच्या ठाण्याच्या प्रश्नाचं उत्तरही याच गोष्टीत आहे.

सायंटॉलॉजीच्या कॅलिफोर्नियातल्या मुख्य चर्चला १९५७ मध्ये सूट मिळाली होती. १९६७ मध्ये अमेरिकी आयकर खात्याने, म्हणजे आयआरएसने, ती काढली. कारण पंथाची शिकवण नव्हती. पैसा संस्थापक एल. रॉन हबर्ड यांच्याकडे जातोय, हे होतं. टॅक्स कोर्टाने १९८४ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. मधल्या काळात या मंडळींनी सरकारी कचेऱ्यांत घुसून कागदपत्रं पळवली. १९७७ मध्ये एफबीआयने छापे घातले आणि पुढे हबर्ड यांच्या पत्नीसह अनेकांना शिक्षा झाल्या.

या पंथात 'ऑडिटिंग' नावाची सत्रं असतात. (आमच्या ऑडिटशी काही संबंध नाही, पण दर ऐकून आम्हाला हेवा वाटावा.) त्या सत्रांचे पैसे देणगी म्हणून वजा मागणाऱ्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये नाही म्हटलं: ठरलेल्या दराने मिळालेल्या सेवेची ती किंमत आहे. ठाण्याच्या अनुष्ठानाचंही तेच.

इथवर खातं जिंकत होतं. मग १ ऑक्टोबर १९९३ ला त्याच खात्याने पंथाला आणि त्याच्या अनेक संस्थांना करमाफी दिली. आठवडाभरात लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये हजारो अनुयायांसमोर पंथप्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं. तडजोडीचा कागद गुप्त होता, तो १९९७ मध्ये फुटला: पंथाने १ कोटी २५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. त्याआधी खात्यावर दोन हजारांहून जास्त दावे लावले होते. खात्याच्या अधिकाऱ्यांमागे खासगी गुप्तहेर लावल्याचं वृत्तही न्यूयॉर्क टाइम्सने छापलं.

मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटते की खात्याने नियम बदलला नाही, फक्त एका पक्षकारासाठी वाकवला. कॅलिफोर्नियातल्या एका ज्यू दांपत्याने मग विचारलं, सायंटॉलॉजीवाल्यांना सत्रांची वजावट मिळते तर आमच्या मुलांच्या धार्मिक शिक्षणाची का नाही? ते कोर्टात दोनदा हरले. दुसरी खोट अमेरिकी कायद्यातच आहे. तिथे चर्चला वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही. आपल्याकडे मंदिर असो, दर्गा असो, ट्रस्टचं उत्पन्न करमर्यादेच्या वर गेलं की ऑडिट आणि विवरणपत्र दोन्ही सक्तीचं. एवढ्या बाबतीत आपण पुढे आहोत.

जपानने युनिफिकेशन चर्चवर बंदी घातली. आपण अशी हिंमत का दाखवत नाही? (पुणे)

बंदी नाही घातली. ८ जुलै २०२२ ला नारा शहरात जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने या चर्चला सुमारे १० कोटी येन दिले होते आणि घर धुळीला मिळालं होतं. सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाकडे मागणी केली आणि २५ मार्च २०२५ ला टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने विसर्जनाचा आदेश दिला. असा आदेश लागू झाला की संस्थेचं 'धार्मिक महामंडळ' हे कायदेशीर रूप जातं, त्यासोबत करसवलत जाते. प्रार्थना करायला कुणी अडवत नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ साली सरिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या पंथालाही असंच विसर्जित केलं होतं, आणि त्यातून निघालेले गट अजून आहेत.

हिंमतीपेक्षा मला कारण महत्त्वाचं वाटतं. युनिफिकेशन चर्चवर कारवाई झाली ती लोकांना घाबरवून वर्षानुवर्षं देणग्या उकळल्याबद्दल. योगायोग बघा, याच पंथाचे संस्थापक सन म्यंग मून यांना अमेरिकेत १९८२ साली दोषी ठरवलं तेही करचुकवेगिरीत. बँकेतल्या ठेवींवरचं व्याज त्यांचं स्वतःचं की चर्चचं, हा त्यातला मुख्य वाद होता.

हुंडीत कोण टाकतो हे माहीत नसतं. मग तो काळा पैसाच ना? त्यावर कर का नाही? (अहिल्यानगर)

निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे, पण निव्वळ धार्मिक आणि धार्मिक-धर्मादाय अशा दोन्ही कामांच्या ट्रस्टना त्यातून बऱ्याच अंशी सूट आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचा वाद याच मुद्द्यावर होता. खातं म्हणत होतं, खर्च बघता हा धर्मादाय ट्रस्ट आहे, तेव्हा हुंडीवर कर भरा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दोन्ही प्रकारचा ठरवला आणि कर लागला नाही.

तुम्ही एकदा हुंडीची मोजणी बघाच. पत्र्याच्या टेबलांवर ढीग ओततात, नाणी चाळणीने वेगळी करतात, दहाच्या नोटा सरळ करून रबर लावतात. मध्ये नवसाच्या चिठ्ठ्या निघतात, एखादं मंगळसूत्र निघतं, बाद झालेली पाचशेची नोट निघते. त्या पाच-दहा रुपयांच्या ढिगाला काळा पैसा म्हणवत नाही. मला शंका येते ती ज्या हुंडीत बहुतेक नोटा पाचशेच्याच, त्याही कोऱ्या आणि ओळीने निघतात तिथे. मोजणीच्या तक्त्यावर नोटांचे प्रकार लिहिलेले असतात. अधिकारी तिथूनच सुरुवात करतो.

कटकटच नको. वादग्रस्त असोत वा नसोत, सगळ्याच धार्मिक संस्थांची करमाफी बंद करावी. (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, 'सगळ्यांची' म्हणालात म्हणून तुमच्याशी वाद घालायला मजा येईल. 'वादग्रस्तांची' म्हणणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला रजनीश आश्रम आठवा. त्याची करसवलत मागील काळापासून काढून घेतली गेली आणि थकबाकीचा डोंगर उभा राहिला. रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेला गेले त्यामागच्या कारणांत हेही मोजतात. तेव्हा आश्रमावर राग होता तो कपड्यांवरून, ध्यानशिबिरांवरून, परदेशी लोकांवरून. हिशोबात खोट असेलही, पण आधी राग आणि मग नोटीस असा क्रम असला की खरी खोटही सूड वाटायला लागते.

उलट टोकाला बॉब जोन्स विद्यापीठ आहे. वंशभेद हा आमच्या धर्माचा भाग आहे असं म्हणणाऱ्या या अमेरिकी संस्थेची सूट काढणं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये योग्य ठरवलं. निकाल मला पटतो. पण त्याचा आधार 'सार्वजनिक धोरण' हा होता, आणि ते धोरण उद्या कोण ठरवणार, या विचाराने थोडा बिचकतो. इंग्लंडने वेगळी वाट काढली. प्लिमथ ब्रदरन या बंदिस्त पंथाच्या एका ट्रस्टला चॅरिटी कमिशनने २०१२ मध्ये नाकारलं; बाहेरच्या समाजाला तुमचा उपयोग काय, हा प्रश्न होता. त्यांनी ट्रस्टची घटना बदलून दिली आणि २०१४ मध्ये नोंदणी मिळाली. आधी अट घालायची, न पाळली तर सवलत काढायची, ही पद्धत मला जास्त आवडते.

आता तुम्हा सगळ्यांसाठी एक काम. ज्या मंदिरात तुम्ही जाता, त्या ट्रस्टमध्ये तुम्ही कायद्याने 'हितसंबंधित व्यक्ती' असता. धर्मादाय कार्यालयात ठरलेली फी भरून ट्रस्टच्या हिशोबपत्रकांच्या नकला मागता येतात. अर्जावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक लिहा, तो देणगी पावतीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. नक्कल हातात आली की आधी भाड्याची ओळ वाचा.