वडिलांना प्रोस्टेटसाठी रेडिएशन दिलं, रक्ताची जीन टेस्ट करून घ्यावी का?

नको. सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) व्यवस्थित असताना तर मुळीच नको.

तुमचे वडील ७१ वर्षांचे, रेडिएशनला दोन वर्षं झालेली, तब्येत ठीक, आणि कुणीतरी सांगितलं की रेडिएशनने रक्तपेशींत म्युटेशन, म्हणजे जनुकांत बदल, होतात. आमच्याकडे हे सांगणारा माझा सख्खा थोरला भाऊ आहे, म्हणून लिहिते.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाठ प्रोस्टेटबाहेर गेली नव्हती. दादाचं म्हणणं, रोबोटने ऑपरेशन करून मोकळं व्हा. पण आप्पांचं हृदय आधीच अधू. ते मिरजेत माझ्याकडे, दादा पुण्याला. शेवटी रेडिएशनला होकार मी दिला आणि त्याचा राग दादाच्या मनात अजून आहे. किरणांचा एकूण डोस ६० ग्रे, २० सिटिंगमध्ये. रोज पाणी पिऊन लघवी तुंबवून बसायचं आणि नंबर लागेस्तोवर आप्पांचा जीव कासावीस, हाच काय तो मोठा त्रास.

काही वर्षांनी त्यांचं हिमोग्लोबिन घसरलं, प्लेटलेट्सही उतरल्या. दादा फोनवर नुसतं "बघ" म्हणाला. कंबरेच्या हाडातून बोन मॅरो (मज्जा) काढली, सोबत जीन पॅनलही, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी, गेलं. त्यात डीएनएमटी-३ए जनुकात म्युटेशन निघालं, त्या जनुकाच्या ४ टक्के प्रतींत. दादाने रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आत्याचा रडत फोन आला.

रक्ताच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि आप्पांचं वय विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या एकाहून जास्त माणसांच्या रक्तात असे बदललेल्या पेशींचे गट सापडतात, रेडिएशन घेतलेलं असो वा नसो. डीएनएमटी-३ए हे त्यातलं सर्वांत नेहमीचं नाव, म्हणजे वयाचा भाग. रेडिएशन-केमोशी नातं असलेली जनुकं वेगळी: टीपी-५३, पीपीएम-१डी, चेक-टू. तीही बरेचदा उपचाराआधीच एखाद-दुसऱ्या पेशीत बिघडलेली असतात. किरणांनी बाकीच्या पेशी मरतात, या तग धरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात.

मग रक्त कमी का झालं? बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं म्हणून. आप्पा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत होते, त्याने बी-१२ नीट शोषलं जात नाही. इंजेक्शनं सुरू केल्यावर रक्त वर आलं. तो रिपोर्ट मीच ग्रुपवर टाकला. दादाने अंगठासुद्धा दाखवला नाही.

दादाचं सगळंच खोटं असं नाही. रक्त तयार करणाऱ्या मज्जेचा मोठा हिस्सा कंबरेच्या हाडांत असतो आणि किरण तिथूनच जातात. थोड्या लोकांना पुढे, साधारण पाच ते दहा वर्षांत, एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होतो. पण "कापलं असतं तर आप्पा जास्त जगले असते" हे तो प्रत्येक लग्नात सांगतो, त्याला माझं उत्तर ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत आहे. आप्पांसारखीच मर्यादित गाठ असलेले १,६४३ पुरुष. काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नजर. १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत २ ते ३ टक्क्यांच्या आसपास. दादा, वाचत असशील तर बघ.

तुम्ही एवढंच करा: पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्त तपासणीसाठी रक्त देताना सीबीसीही करून घ्या. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स या तीनपैकी दोन सतत उतरत गेल्या किंवा एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) चढत गेला, तर रक्ताच्या डॉक्टरांकडे जा आणि आधी बी-१२ तपासा. म्युटेशन सापडलं तरी ते घालवायचं औषध आज नाही, मग निरोगी माणसाच्या हाती तो कागद कशाला द्यायचा?

हो, वडिलांना डोसिटॅक्सेल, ओलापॅरिब किंवा ल्युटेशियम ही कॅन्सरची औषधं दिली असतील तर हिशेब वेगळा, तेव्हा रक्तावर जास्त लक्ष हवं. घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर बीआरसीए जनुकाची तपासणी विचारा. ती आनुवंशिक, तिचा रेडिएशनशी संबंध नाही. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते.